कॉल नंबर चौदा

या सदरातले गूढ अनुभव मी तीन-चार वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलेही आहे. माझा पेशाच तसा... एखादी गोष्ट झाली म्हणता, तर ईमेल दाखवा, लॉग दाखवा, सही दाखवा. नवरा म्हणायचा, "हिला देव जरी भेटला तरी आधी आयडी मागेल." त्यामुळं हे लिहायला बसायला मला वर्ष लागलं.

मी धाराशिवला राहते. पवनचक्क्या चालवणाऱ्या एका खासगी कंपनीची रेकॉर्ड्स सांभाळते. अणदूरच्या अलीकडं माळावर आमचे टॉवर आहेत आणि तिथंच साइट ऑफिस – पत्र्याच्या तीन खोल्या. एक साइट मॅनेजर देसाई साहेबांची, एक कंट्रोल रूम, आणि तिसरीत सर्व्हर, स्टोअर आणि मी.

बालाजी आमचा टेक्निशियन. मूळचा तेरचा, तिशीतला. टॉवरवर चढून दुरुस्ती करायचा. फॉर्म द्यायला माझ्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, तुमचे कागद वाढतेत आन् आमचे टॉवर तेवढेच." मी रागावायची, कारण याचा टॅब नेहमी भलतीकडं असायचा. टॅब म्हणजे कामाच्या नोंदी करायला कंपनीनं दिलेला.

गेल्या मार्चमध्ये एके दिवशी, बाराच्या थोडं आधी, नऊ नंबरच्या टॉवरवरून तो पडला. जागीच गेला. मी त्या दिवशी रजेवर होते, मुलीच्या शाळेत. फोन आला तेव्हा मी तिच्या वर्गाबाहेर उभी होते... तेवढंच आठवतं.

आमच्याकडं लेखी परवानगीशिवाय कुणी टॉवर चढायचा नाही, असा नियम आहे. सिस्टीममध्ये त्या दिवशीची परवानगी नव्हती. देसाई साहेबांनी लिहून दिलं – बालाजी कुणालाही न विचारता चढला, चूक त्याची. बालाजीच्या बायकोनं, रुक्मिणीनं, कामगार न्यायालयात दावा लावला. मग कंपनीच्या वकील कुलकर्णी मॅडमचं पत्र मला आलं. या माणसाशी आणि या दिवसाशी संबंधित काहीही पुसायचं नाही, जे असेल ते गोळा करा आणि यादी करा.

देसाई साहेबांनी मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, "यादी आटोपशीर ठेवा. आणि हो, तुमचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यू करायचंय ना?"

मी मान हलवली आणि बाहेर आले. त्या चहाची चव दिवसभर तोंडात राहिली.

आमच्या कंट्रोल रूमच्या फोनवरचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. त्या दिवसाचे एकोणीस कॉल होते. आधी मी प्रत्येक फाइलीचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच समजा. आत कणभर जरी फेरफार झाला तरी तो बदलतो. मग हेडफोन लावून एकेक कॉल ऐकायला घेतला आणि वहीत लिहीत गेले. सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन, समोर टेबलफॅन.

चौदाव्या कॉलला सुरुवातीला नुसता वारा होता. मग बालाजीचा आवाज आला.

"हां, बालाजी बोलतोय. नवा टॅब चार्ज न्हाय झाला, जुनाच घेतलाय. साहेबांचा मेसेज त्याच्यावरच आलाय. ताईंना सांगा, न्हाईतर टॅब कुठंय म्हणून पुन्हा वरडतील."

मी हसले. हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवली. कॉलची वेळ दिसत होती दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. बालाजी तर बाराच्या आधीच गेलेला. रेकॉर्डिंगच्या मशीनचं घड्याळ चुकलं असणार, असं समजून मी पेन्सिलनं खूण केली – घड्याळ तपासणे. यापेक्षा जास्त विचार केला नाही, कारण डोक्यात जुना टॅब घुमत होता.

जुने टॅब आम्ही बाद केले होते. भंगारात द्यायच्या सामानाची यादी मीच केलेली. आणि सोलापूरचा भंगारवाला त्याच सकाळी टेम्पो घेऊन आला होता.

मी पळतच बाहेर गेले. टेम्पोवाला दोर आवळत होता. देसाई साहेब शेजारीच उभे होते.

"काय झालं?"

"एक टॅब काढायचाय, साहेब."

"बाद मालात तुमचं काय राहिलंय?"

मी म्हटलं, "वकील मॅडमचं पत्र आहे. यातलं काहीच बाहेर जाणार नाही."

ते गाडीत बसून निघून गेले.

तिसऱ्या पेटीत टॅब सापडला. कोपरा फुटलेला. बालाजीच्या जीपमधलं सामान नंतर कुणीतरी आणून त्या पेटीत टाकलं असावं. चार्जिंगला लावला, सुरू झाला. त्यात आमचं जुनं ॲप होतं. त्याचा सर्व्हर मधल्या काळात कायमचा बंद झालेला, म्हणजे आत जे होतं ते जगात दुसरीकडं कुठंच नव्हतं. शेवटचे दोन मेसेज त्या सकाळचे होते.

बालाजी – "साहेब, परवानगी सिस्टीमला दिसत न्हाई. चढू का?"

देसाई साहेब – "चढ. फॉर्म संध्याकाळी करून घेऊ."

मी टॅब पाकिटात घालून सील केला आणि कुलकर्णी मॅडमना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. मेसेज वाचले, चष्मा काढून पुसला, परत वाचले. मग विचारलं, "हा टॅब तुम्हाला सुचला कसा? कागदावर तर त्याच्याकडं नवा होता."

"कॉल नंबर चौदा, मॅडम. ऐकवते ना."

स्पीकरवर लावला. एकेचाळीस सेकंद. नुसता वारा.

फाइल चुकली म्हणून पुन्हा लावला. वारा. हेडफोन लावून ऐकला. वारा. कॉल एकपासून एकोणीसपर्यंत सगळे ऐकले, बालाजी कशातच नव्हता. मग मी हॅश तपासला. आदल्या दिवशीचा आणि आताचा, अक्षर न् अक्षर तोच. फाइलीला कुणीही हात लावलेला नव्हता. आणि समोर वहीत, माझ्या अक्षरात, त्याचं बोलणं लिहिलेलं.

मॅडमनी कंट्रोल रूमच्या अन्वरभाईंना बोलावलं. आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे.

"त्या दिवशी दोननंतर फोनवर कोण होतं?"

"कुनीच न्हाय, मॅडम. समदे नऊ नंबरखाली होतो. पोलीस आलते. कंट्रोल रूमला मीच कुलूप लावून गेलतो, चावी माझ्या खिशात."

"पण फोन उचलल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही ना?" मी विचारलं.

"व्हय," अन्वरभाई म्हणाले. "तेच तर."

मशीनवाल्यानं येऊन घड्याळ तपासलं. बरोबर होतं. कॉल कुठून आला, त्या रकान्यात काहीच नव्हतं. बालाजीचा मोबाईल तर तेव्हा चुराडा होऊन पोलिसांच्या पिशवीत होता. पुढं नव्या टॅबची नोंदही काढली. त्या सकाळी त्याची बॅटरी शून्यावर होती. हे मला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं, सांगायला कुणाला माहीतच नव्हतं.

कुलकर्णी मॅडम जाताना म्हणाल्या, "यादीत जे ऐकू येतं तेच लिहा. कॉल चौदा – वारा. पण कोर्टात कुणी विचारलं, टॅब कसा सापडला, तर खरं तेच सांगा. मी तुम्हाला अडवणार नाही."

रेकॉर्ड्स खरी आहेत, या प्रमाणपत्रावर मी सही केली. त्यानंतरचा महिना कसा काढला ते माझं मला माहीत. पिंजऱ्यात उभी राहून मी हे सांगणार आणि लोक हसणार... मी हसायची तसंच. रोज दुपारी एकदा ती फाइल लावायची. आवाज यावा असंही वाटायचं आणि येऊ नये असंही. अजूनही हेडफोन लावला की आधी वारा ऐकू येतो – बाहेर पानही हलत नसताना.

पण माझ्यावर ती वेळ आली नाही. मॅडमनी वरच्या लोकांना तो टॅब दाखवला आणि कंपनीनं कोर्टात लेखी मान्य केलं, परवानगी दिली होती, बालाजीची चूक नव्हती. देसाई साहेब नोकरी सोडून गेले. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं.

निकालानंतर मी बसनं तेरला गेले. रुक्मिणीला सांगावं की नाही, यावर रस्ताभर भांडले स्वतःशी. पण तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी सगळं सांगून टाकलं. वही दाखवली. तिनं त्या ओळींवरून बोट फिरवलं.

"तुमी सोता ऐकलं?"

"हो."

"आवाज कसा व्हता त्येंचा? भ्यालेला व्हता का?"

"नाही. कामावरून कळवत असतो ना, तसा होता. थोडा घाईत."

ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मंग बरं. मला वाटायचं, लई भ्याले असतील."

लोक म्हणतात मनावर ताण होता, भास झाला असेल. असेलही. मग मला न ठाऊक असलेली गोष्ट भासात कुठून आली, हे कुणी सांगत नाही. तो कॉल कुणी केला, कुलूपबंद खोलीत तो कुणी उचलला, मला आजही माहीत नाही. फाइल आहे. एकेचाळीस सेकंदांची. नियमानुसार आता ती पुसता येईल, मुदत संपली. मी पुसलेली नाही.