यूनुस पारकरची सही

मीनाक्षी, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुम्ही फोनवर बोलता तेव्हा समोरच्याला फोनची गरजच पडत नाही. म्हणू दे. अठरा वर्षं शारजात कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइटवर काढली आहेत मी. खाली मिक्सर घरघरत असताना पाचव्या मजल्यावरच्या माणसाला हाक मारायची तर घसा लागतोच. क्लबात मला भोंगा म्हणतात. उपेंद्र हे नाव फक्त फॉर्मवर उरलंय.

क्लब फुटबॉलचा, पण तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो फुटबॉल नव्हे. हा ऑस्ट्रेलियन लोकांचा. मैदान लंबगोल, बॉल लंबगोल, हाताने झेलायचा, पायाने मारायचा, आणि गोलाच्या जागी उंच खांब. इथे नोकरीला आलेल्या ऑस्ट्रेलियन इंजिनियरांनी सुरू केला. मग त्यांचीच माणसं बदल्या होऊन जायला लागली, टीम पुरी होईना, तेव्हा आमच्यासारख्यांना हाताला धरून नेलं. मी गेलो तो पोट कमी करायला. ते काही झालं नाही.

यूनुस पारकर माझ्या आधीपासून होता. मूळचा हर्णैचा, इथे इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजचा फोरमन. वय एकोणचाळीस, अंगाने वाळलेला, बोलायला महाकंजूष. मैदानात तो आमच्या गोलपुढे उभा राहायचा. त्याचं काम एकच. समोरच्या टीमचा पहिलवान बॉल झेलायला उडी मारतो, तेव्हा यूनुसने त्याच्या खांद्यावरून हात घालून मुठीने बॉल उडवून लावायचा. खलास! झेल नाही, गोल नाही, काही नाही. मॅच संपली की शीट यायची, किती किक, किती झेल, किती गोल. यूनुसच्या नावापुढे शून्यांची रांग. वर्षाच्या जेवणात बक्षिसं वाटायचे, हा नऊ वर्षं कोपऱ्यात बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या पिटत होता. कमिटीला तर त्याचं आडनावही धड लिहिता यायचं नाही.

किंमत कळली ती आमच्या कोचला. यंदा सप्टेंबरमध्ये त्याने कमिटीला एक व्हिडिओ दाखवला. मागच्या सीझनमध्ये आमच्यावर न झालेले गोल! एकूण एक्केचाळीस. प्रत्येकात शेवटी यूनुसची मूठ. कोच म्हणाला, "गोल मारणारे मला दुबईत ढिगाने मिळतील. हा माणूस मिळणार नाही. काहीही करा, याला परत साइन करा." फी माफ करायचं ठरलं. आठशे दिरहम, म्हणजे आपले अठरा-एकोणीस हजार. पण फॉर्म गुरुवारपर्यंत लीगकडे पोचायला हवा होता, आणि यूनुस सही करत नव्हता.

का करत नव्हता ते सगळ्यांना माहीत होतं. अक्रममुळे.

अक्रम त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. सव्वीस वर्षांचा, एसीचं काम करायचा, यूनुसनेच त्याला इथे आणलेला आणि यूनुसनेच क्लबात. मागच्या फेब्रुवारीतली मॅच. बॉल आमच्या गोलकडे उंच आला. या खेळात बॉलखाली धावणाऱ्याची नजर आभाळात असते, आजूबाजूचं त्याला दिसत नाही. म्हणून मागे उभ्या असलेल्याने त्याला ओरडून सांगायचं असतं. जा, किंवा छोड. ते मागे उभं राहणं माझं काम. अक्रम बॉलखाली आधीच नीट पोचला होता, हात पसरून. दुसऱ्या बाजूने यूनुस आला आणि मूठ वळून त्याने उडी घेतली. त्याचा गुडघा अक्रमच्या कानशिलावर बसला.

अक्रम उठला, हसला. म्हणाला, "काही नाही मामू, ठीक आहे." पाच मिनिटं खेळलासुद्धा. मग मैदानातच खाली बसला. तिसऱ्या दिवशी गेला.

पोलिसांनी विचारलं, क्लबने विचारलं. मी सांगितलं, "मी ओरडलो होतो. यूनुस, छोड! असं ओरडलो होतो. त्याला ऐकू गेलं नसेल." अक्रमच्या आईलाही फोनवर तेच सांगितलं. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. भोंगा ओरडला नाही, असं कधी झालंय का?

झालं होतं. त्या एकदाच.

आता एवढं बोललोच आहे तर सगळं ऐका. शेवटच्या ब्रेकमध्ये पाणी पिताना यूनुस मला म्हणाला होता, "उपेंद्र, जरा कमी बोल ना यार. डोकं उठलंय." दहा माणसांसमोर! सगळे हसले. कोचही हसला. माझा राग नाकावर असतो, सांगायला नको. म्हटलं, ठीक आहे. बसतो मूग गिळून, बघू तुमचं कसं चालतं. चाळिशीतला बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि मी मैदानावर अबोला धरला. बॉल आला तेव्हा मला दोघेही दिसत होते. चांगले दोन सेकंद होते. आणि मनात काय आलं माहीत आहे? की आता आपटतील एकमेकांवर, मग कळेल भोंगा कशाला लागतो. हे मनात आलं. दुसरं काही नाही.

तर असा मी, आणि कमिटीने सहीसाठी पाठवलं कुणाला, मला! "तुझं ऐकेल तो. त्या दिवशी तूच त्याच्याबरोबर होतास."

रविवारी दुपारी रोल्लाला त्याच्या घरी गेलो. तिसरा मजला. दार त्याच्या इनायाने उघडलं. बारा वर्षांची पोर, हातात टॅब. मी आपलं विचारलं, पप्पा कसे आहेत? तिने मान वरही केली नाही. "पप्पा ड्रॉप्स एव्हरीथिंग, अंकल."

मला समजलं नाही. आत यूनुस बसला होता, निम्म्यावर आलेला. गळ्याची हाडं दिसत होती. मरियमभाभींनी चहा आणला. मी फॉर्म टीपॉयवर ठेवला, कोचच्या व्हिडिओचं सांगितलं, एक्केचाळीस गोलांचं सांगितलं. तो ऐकत होता. आणि एकाएकी त्याच्या बोटांतून कप सुटला. हिसका नाही, धक्का नाही. कुणी सांगावं आणि त्याने सोडावा, तसा. भाभी फडकं घेऊन आल्या. फडकं हाताशीच ठेवलेलं होतं.

"आत्ता पण आला," यूनुस म्हणाला.

"कोण आला?"

"तुझा आवाज. यूनुस, छोड."

मी हातातला कप टीपॉयवर ठेवला.

तो शांतपणे सांगत होता. गॅरेजच्या हजेरीबद्दल सांगावं तसं. अक्रमचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. कधी दिवसातून एकदा, कधी दहादा. गॅरेजात कॉम्प्रेसर चालू असला तरी साफ. नमाजातसुद्धा. आणि ऐकू आलं की हात सुटतात, आपोआप. पाना सुटतो. एकदा गाडीचं बॉनेट सुटलं, खाली मेकॅनिकचा हात होता, थोडक्यात वाचला. गाडी चालवणं त्याने बंद केलंय, टॅक्सीने जातो.

मग त्याने कपाटातून फाइल काढली. कानांच्या तपासण्या. एक रोल्लातली, एक दुबईची. "दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणतो, फोरमन असून इतके चांगले कान मी बघितले नाहीत. मग सांग उपेंद्र, तेव्हा का नाही ऐकू आलं? तू माझ्या मागे दहा पावलांवर. तुझा घसा तो. आणि मला ऐकू नाही आलं? आता सहा महिने झाले, रोज येतं. उशिरा पोचतंय जणू." तो पुढे वाकला. "मला फक्त एवढं सांग. तू नेमका कधी ओरडलास? बॉल कुठे होता तेव्हा? मी पाय उचलला होता की नव्हता?"

सात महिने मी खोटं बोललो ते एका वाक्यात. या प्रश्नाला दुसरं वाक्य लागत होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. शिवाय त्याचे डोळे. अरे, कुत्र्यालासुद्धा आपण असं ताटकळत ठेवत नाही.

सांगून टाकलं. "यूनुस, मी ओरडलोच नाही." सगळं सांगितलं. ब्रेकमधलं, अबोल्याचं, दोन सेकंदांचं, मनात काय आलं तेही. "तुझे कान ठीक आहेत. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. चूक माझी आहे, तुझी नाही. चल, पोलिसांकडे जाऊन सांगतो. तुझ्या बहिणीला आत्ता फोन लाव, तिलाही सांगतो." माझा आवाज फाटला होता. मला रडू येत होतं आणि खरं सांगतो, हलकंही वाटत होतं. म्हटलं आता हा उठेल आणि थोबाडीत मारेल. मारावी.

यूनुस हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल.

"तू ना, फार चांगला माणूस आहेस," तो म्हणाला. "तोंडाने फटकळ, पण दिलाचा साफ."

"अरे, मी खरं बोलतोय!"

"मी तुला कधी म्हणालो गप्प बस? मला आठवत नाही. आणि मी ऐकतोय ना रे रोज. कान नॉर्मल आहेत, कागदावर लिहिलंय. नॉर्मल कानाला नसलेलं ऐकू येतं का?" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी स्वतःवर घेतोस. माझा सख्खा भाऊ असता तर त्याने घेतलं नसतं. आण तो फॉर्म."

"यूनुस, ऐक माझं—"

"यल्ला, पेन दे. तू मागे उभा राहणार असशील तर मी खेळतो. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर नाही."

आणि त्याने सही केली. मी अडवायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. सही करताना त्याने मला विचारलं, तारीख किती? मी तारीख सांगितली.

मरियमभाभी लिफ्टपर्यंत आल्या. एरवी त्या दारातूनच खुदा हाफिज म्हणतात. लिफ्टचं बटण दाबून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत जे सांगितलंत, ते खरं आहे."

त्यांनी विचारलं नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

"मला तेव्हाच वाटलं होतं. मी त्या दिवशी मैदानाच्या दोरीपाशी उभी होते, इनायाबरोबर. तुमचा आवाज पार्किंगपर्यंत येतो, उपेंद्रभाई. त्या वेळी नव्हता आला. म्हटलं, माझंच लक्ष नसेल." लिफ्ट आली. त्यांनी दार हाताने धरून ठेवलं. "मी त्यांना दहा वेळा सांगेन, पण ते मानणार नाहीत. आमच्या घरी परत येऊ नका. पण मैदानावर त्यांच्या मागे तुम्हीच उभं राहायचं. दुसरा नाही. त्यांना काही झालं तर मी हशरच्या दिवशी अल्लासमोर तुमचा दामन धरीन, जाब विचारीन."

मी मान हलवली. पोलिसात मात्र मी गेलो. त्यांनी लिहून घेतलं, मोबाइल नंबर घेतला. अक्रमच्या आईला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. यूनुसने मग तिलाही समजावलं म्हणे, की उपेंद्र भला माणूस आहे, माझा त्रास बघवत नाही त्याला. आता यावर काय करायचं सांगा!

पहिली प्रॅक्टिस मंगळवारी संध्याकाळी होती. ऊन उतरलं होतं, पण जमीन तापलेलीच. यूनुस जुन्या जागी जाऊन उभा राहिला, मी त्याच्या मागे दहा पावलांवर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोचने लांबून बॉल मारला, सरळ उंच. आसपास कुणीच नव्हतं. यूनुसचा एकट्याचा बॉल. तो बॉलखाली आला, मूठ वळली, गुडघा वाकला. मी बघत होतो, सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि मधेच त्याने हात खाली टाकले. बाजूला झाला. बॉल जमिनीवर आपटला आणि वाकडातिकडा उसळत गोलात गेला.

यूनुस वळला. चेहरा कसा उजळलेला! अंगठा दाखवून म्हणाला, "ऐकलं रे, ऐकलं! बघ, या वेळी वेळेवर आलं."

लांबून कोचनेही हात वर केला. "गुड टॉक, भोंगा!"

मी तोंडही उघडलं नव्हतं.

त्यानंतरच्या बॉलपासून मी सुरू झालो. यूनुस, जा! यूनुस, तुझाच! यूनुस, मार! बॉल पायातून सुटायच्या आधीपासून जमिनीला लागेपर्यंत, मध्ये श्वासाची फट न ठेवता. आता सीझनच्या सात मॅच झाल्या आहेत. घसा पार गेला, शुक्रवारी थुंकीत रक्त होतं. मीनाक्षी म्हणते डॉक्टरांना दाखवा, आणि डॉक्टर म्हणणार की बोलणं बंद करा. बंद कसं करू? मी क्षणभर थांबलो की तो दुसरा कुणीतरी माझ्या आवाजात बोलतो, आणि यूनुस त्याचं ऐकतो.