चेपलेल्या रिवेटांची ओळ

वसंता गेल्याचं मला येळ्ळूरच्या माझ्या पत्र्याच्या दुकानात कळलं. तेव्हा रडू आलं नाही, राग आला. महिना होऊन गेला, तो अजून उतरलेला नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही.

आम्ही एका बाकावरचे. तो शिकून बेळगावात कॉलेजच्या वर्कशॉपचा मास्तर झाला, मी बादल्या आणि धान्याच्या कोठ्या ठोकत राहिलो. निवृत्तीनंतर त्यानं परदेशातून विमानाचे सुटे भाग मागवले आणि अनगोळच्या घरामागं शेड घालून पंख जोडायला बसला. लोक हसले. मी हसलो नाही, कारण त्यानं मला बोलावलं होतं. पंखाचे रिवेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून ठोकायचं मशीन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवतो, म्हणजे रिवेटचं टोक चेपून पत्रा घट्ट धरतं. ठोकळा माझ्याकडे. मी आतून "आणखी मार" म्हटलं की तो मारायचा. वहिनी चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, लग्नात माळ घालताना यांचं एवढं लक्ष नव्हतं...

एक अख्खी ओळ मी अशी दाबून बसवली की बादली असती तर थेंब गळला नसता. लई अभिमान वाटला. चार दिवसांनी गेलतो, तर त्या ओळीत नुसती भोकं. मी नसताना त्यानं माझे सगळे रिवेट ड्रिलनं काढले होते. जाब विचारला तर म्हणाला, "जास्त चेपला की कमजोर होतो रं. पंखाला चालत न्हाय."

"मग मारतानाच का बोलला न्हाईस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

वाईट! जन्मभर पत्रा ठोकलेल्या माणसाला हा दया दाखवणार! मी चप्पल घालून निघालो. दोनदा निरोप आला, गेलो नाही. छातीचं दुखणं होतं त्याला, तेही मला कळू दिलं नाही. तेव्हाही मला वाईटच वाटलं असतं ना...

तेराव्याला त्याच्या मुलानं विचारलं, काका, पंख भंगारात देऊ का? बाबांनी ती ओळ दुसऱ्या कुणाला भरू दिली नाही. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

मागच्या रविवारी शेडमध्ये गेलो. हा पंख उडणार नाही, मला ठाऊक आहे. पण ती ओळ उघडी ठेवायची नाही. या वेळी मशीन मी धरलं आणि ठोकळा घेऊन पलीकडे वहिनी बसल्या. इतकी वर्षं बघून त्यांना सगळं येतं. तिसऱ्याच रिवेटला पलीकडून आवाज आला, "भावजी, थांबा. हा लई चेपला."

मी मशीन खाली ठेवलं, ड्रिल घेतलं आणि माझ्या हातानं तो काढला.

एवढंच तर तू म्हणायचं होतंस रं वसंता. मला राग आला असता, अर्धा तास. मग आपण पुढचा मारला असता.