बाराले अर्धा, तं दोनशेले किती

टेक्निकल शाळेत शिकवून शिकवून जीव विटला, पण एक गणित काही पाठ सोडत नाही. रेक्टिफायरवर कॉइल जोडली आहे, सरासरी प्रवाह काढा. दरवर्षी निम्मा वर्ग कॉइलचा एसीतला विरोधही भाजकात घालतो. मी लाल शाई ओततो आणि तेच ते सांगतो: बाबांनो, कॉइल जेवढं धरून ठेवते तेवढंच पुढे परत करते, तिचा सरासरी हिशेब शून्य. सरासरी व्होल्टेजला फक्त तारेच्या रेझिस्टन्सनं भागा. सांगताना माझंच मला ऐकवत नाही, कारण हीच चूक मी केलेली आहे.

महाराष्ट्र नवा होता, माझा डिप्लोमा त्याहून नवा. जळगाव जामोदच्या एका जिनिंगमध्ये नोकरी लागली. कापसातले खिळे आणि तारा ओढून घ्यायला मालकानं विजेचं मोठं चुंबक, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली कॉइलच, आणलं होतं. खिळा मशीनमध्ये गेला की ठिणगी, आणि कापसात ठिणगी म्हणजे आग. चुंबकाला डीसी देणारा रेक्टिफायर किती अँपिअरचा मागवायचा, हे मी ठरवायचं होतं.

मिस्त्री रोहिणखेडचे, चौथी शिकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी ट्रकची बॅटरी चुंबकाला लावली आणि मीटरचा काटा पाहिला.

"बारा व्होल्टले अर्धा अँपिअर. दोनशेले आठच्या वर जाईन. साहेब, दहाचा मागवा."

"चाचा, हा काय भाजीबाजार आहे? असं त्रैराशिकानं होत नसतं."

मी कागद भरून गणित केलं. उत्तर आलं दोनच्या आत. उदार होऊन चारचा मागवला.

चाचांनी तो जोडला. "मले तं धाकधूक वाटून राह्यली," एवढंच बोलले.

तासाभरात सडक्या मुळ्यासारखा वास सुटला. रेक्टिफायरच्या प्लेटा जळल्या, चुंबक मेलं आणि त्यानं धरलेले सगळे खिळे खाली कापसात पडले. ते मशीनमध्ये गेले आणि ठिणगी पडली. आग विझवली, पण कापसाचा एक अख्खा ढीग गेला.

मालक धावत आले. "जोडलं कोणी हे?"

"म्या," चाचा म्हणाले. ते खरंच होतं.

मालकांनी त्यांना उभ्या उभ्या कामावरून काढलं. माझं गणित माझ्या खिशात होतं. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी राखेकडे पाहत राहिलो. भित्रा होतो, दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांचीच बॅटरी लावून पाहिली. अर्धा अँपिअर, म्हणजे चोवीस ओहम. दोनशे तीस व्होल्ट एसीचा डीसी सरासरी दोनशे सात, भागिले चोवीस, साडेआठच्या वर. दहाचा मागवला. तो हंगामभर बिनतक्रार चालला आणि मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

रोहिणखेडला जायला बस होती. मी एकदाही बसलो नाही.