नऊ खेळाडू, एकच भेव

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही हो. भिलाईत पावर हाउस भागातल्या बाजारात जुना कोणी भेटतो, चहा सांगतो आणि म्हणतो, "बाबू, काणे साहेबाचा तो सापाचा आठवते काय?" मग सापाच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. काणे साहेबांचेच माझ्याकडे इतके साचलेत की घरचे म्हणतात, लिहून काढा आणि आम्हाला सोडा.

भिलाईत तेव्हा रशियनांच्या मदतीनं पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या. मी एका ठेकेदार कंपनीच्या टाइम ऑफिसात बाबू होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कोणी विचारपूस करत यायचं. दिवसा हजेरी आणि संध्याकाळी कबड्डी, असं माझं चाललं होतं. टीममध्ये मी डावा कोपरा. कॅप्टन उरकुडे भाऊ, वेल्डर. आणि चढाईला सुखदेव मेश्राम.

सुखदेव रोजंदारीवर विटा वाहायचा. भट्टीचं बांधकाम संपलं की रोजंदारीवाल्यांना "या आता" म्हणत. त्या वर्षी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, "टूर्नामेंट जिंका, टीममधल्या रोजंदारीवाल्यांना कायम करतो!" टीममध्ये रोजंदारीवाला एकटा सुखदेव. म्हणजे हरलो तर आमची इज्जत जाणार होती आणि त्याची भाकर. बायको पोर घेऊन भंडाऱ्याकडे गावी थांबली होती, क्वार्टर मिळेल तेव्हा येऊ म्हणून.

अशात कंपनीनं आमच्यावर काणे साहेब सोडले. नागपूरचे. मानसशास्त्र शिकलेले. आले होते क्रेन ड्रायव्हर निवडायला: दिवा लागला की बटण दाबायचं, असली परीक्षा घ्यायचे. ते काम आटोपल्यावर त्यांना सांगण्यात आलं, "आता टीमची मनं तयार करा."

उरकुडे भाऊंनी त्यांना खालून वर पाहिलं. "मन तयार करा लागते? आमी तं मांड्या तयार करून राहिलो!"

* * *

पहिल्याच दिवशी साहेबांनी वही काढली आणि एकेकाला बाजूला घेतलं. "मैदानात तुम्हाला कशाची भीती वाटते? मनमोकळं सांगा. हे आपल्या दोघांतच राहील."

आता तुम्हीच सांगा, आपल्या दोघांतच राहणाऱ्या गोष्टीला पेन्सिल कशाला लागते? आमच्याकडे कागदावर चढलेली गोष्ट फाइलीत जायची आणि फाइलीतली गोष्ट नेमकी नको त्या दिवशी बाहेर यायची. आज म्हणावं "पकडीची भीती वाटते", उद्या शेरा येणार, "भित्रा आहे, उंचावर पाठवू नये"!

साहेबांनी दोघांनाच विचारून झालं होतं. भाऊंनी कॅन्टीनच्या मागे मीटिंग घेतली. "खरं कोणी सांगू नका. पण काहीच नाई म्हनलं तं त्याले शक येईन. सारेच साप सांगा. सापाले भ्याला म्हनून कोणाले कामावरून काढत नाई."

ज्या दोघांचं सांगून झालं होतं, तेही परत जाऊन खोडून आले. नऊ खेळाडू, नऊ साप!

तिसऱ्या दिवशी मैदानावर येऊन पाहतो तर मधल्या रेषेवर गारुडी बसलेला. साहेब खुशीत. "भीती समोरासमोर बघायची असते. एकेकानं कबड्डी कबड्डी म्हणत टोपलीपर्यंत जायचं आणि परत यायचं."

गारुड्यानं झाकण काढलं. तेव्हा कळलं की आमच्यात एकाला सापाची खरोखरच भीती होती. उरकुडे भाऊ पाण्याच्या टँकरवर चढले ते गारुडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उतरले नाहीत.

साहेब आम्हाला म्हणाले, "बघा, कॅप्टननं किती प्रामाणिकपणे सांगितलं होतं!"

* * *

मग आलं डोळे मिटणं. "शांत बसा. डोळे मिटा. आपण चढाई करतोय असं बघा. गडी टिपला, परत आलो, असं बघा."

आम्ही मिटले. मिनिटभरानं उघडले तर साहेबांची खुर्ची रिकामी!

"रिपोर्ट द्याले गेला," भाऊ कुजबुजले. "आपल्याले आंधळं करून गेला!"

साहेब पाणी प्यायला गेले होते. नळावर दिसत होते. पण भाऊंना पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ड्यूटी लावली. कारखान्याची सवय, दुसरं काय? ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. सहा जणांनी डोळे मिटायचे, तिघांनी उघडे ठेवून साहेबांवर नजर ठेवायची. पाच मिनिटांनी भाऊ खाकरले की शिफ्ट बदली.

आठवडाभरानं साहेब म्हणाले, "तुमच्यात एकाग्रता येऊ लागलीय. फक्त कॅप्टनचा खोकला तेवढा दवाखान्यात दाखवा."

* * *

सुखदेवला साहेबांनी वेगळा मंत्र दिला. "मनात गडबड झाली की स्वतःशी म्हणायचं, मी शांत आहे."

सुखदेव मन लावून करणारा माणूस. डोक्यावर विटांची पाटी आणि तोंडानं "मी शांत आहे, मी शांत आहे". वैशाखातली दुपार. वर उभ्या रशियन इंजिनियरनं पाहिलं आणि त्याला वाटलं, माणसाला ऊन लागलं! तो धावत खाली आला, पाटी उतरवली आणि आपली हॅट सुखदेवच्या डोक्यावर ठेवली. दुभाषी सापडेना. दोघांनी उचलून त्याला फर्स्ट एडमध्ये नेलं.

कंपाउंडरनं विचारलं, "काय होते?"

"मी शांत आहे."

"थे दिसून राहिलं. पण होते काय?"

"काई नाई होत. मी शांत आहे!"

कंपाउंडरनं बर्फ लावला आणि रजिस्टरात लिहिलं, 'पेशंट शांत असल्याचे वारंवार सांगतो. लक्ष ठेवावे.'

ते रजिस्टर टाइम ऑफिसात माझ्याकडे आलं. वाचून मी आधी हसलो. पण 'लक्ष ठेवावे' असा शेरा रोजंदारीच्या माणसावर पडणं बरं नव्हतं. मी सुखदेवला बजावलं, "आता मनातल्या मनात शांत राय!"

* * *

पण माझं मन काही शांत होईना. टीममध्ये लिहिण्यावाचण्याची नोकरी माझी, म्हणून भाऊंनी कामगिरी माझ्यावर सोपवली. "बाबू, त्या वहीत आपल्याबद्दल काय लिवून राहिला थे पाह्य."

एका दुपारी साहेब मोठ्या साहेबांकडे गेले होते आणि वही टेबलावर होती, उघडीच. मी गेलो. दाराकडे एकदा पाहिलं आणि वाकलो. पान भरून आमची नऊ नावं. प्रत्येकापुढे 'साप'. खाली साहेबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'सर्वांना सापाचीच भीती. मला वाटतं, साप मीच आहे.'

मला लाज वाटली. एवढी की कानशिलं तापली. भल्या माणसाला आपण महिनाभर पोलिसासारखं वागवलं, असं मी भाऊंना येऊन सांगितलं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वही उघडी कावून ठेवली होती?"

झालं! मीही त्या रात्री तेच घोकत झोपलो: वही उघडी का ठेवली होती?

* * *

आता फायनल.

समोर भट्टीवाल्यांची टीम. कॅम्पच्या मैदानावर मुंगीला जागा नाही. मोठे साहेब टेबलामागे, शेजारी शील्ड. खेळ असा चालला की शेवटची चढाई उरली तेव्हा दोन्हीकडे गुण सारखे. चढाई सुखदेवची.

त्याआधी काणे साहेबांनी त्याला एकच सांगितलं होतं. "मनात जे खटकतंय ते घेऊन रेषा ओलांडू नकोस. आधी मोकळं कर."

सुखदेव रेषेपर्यंत गेला, थांबला आणि वळून सरळ मोठ्या साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. "साहब, परमानेंट करूंगा बोले थे. कागज दे दो."

मोठे साहेब हसले. "अरे, पहले जीतो तो!"

"नहीं साहब. पहले कागज."

पंचानं शिट्टी मारली. सुखदेव हलला नाही. पंचानं दुसरी मारली. मला वाटलं, संपलं, आता खेळही गेला आणि नोकरीही. तेवढ्यात काणे साहेब उठले. त्यांनी आपल्या वहीचं पान फाडलं, मोठ्या साहेबांपुढे ठेवलं आणि पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. एवढ्या लोकांसमोर मोठे साहेब काय करणार? लिहिलं, सही ठोकली.

सुखदेव कागद घेऊन थेट माझ्या कोपऱ्यात आला. "बाबू, वाचून सांग."

हजेरीच्या रजिस्टरात तो रोज माझ्यासमोर अंगठा उठवायचा. मी कागद घेतला. हिंदीत एकच ओळ होती: 'स्थान रिक्त होने पर सहानुभूतिपूर्वक विचार किया जाएगा.'

असल्या ओळी मी रोज टाइप करायचो. त्यांचं पुढे काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. काहीच होत नाही! मी मान वर केली. सुखदेव माझ्या तोंडाकडे पाहत होता, घामानं निथळत, श्वास रोखून. त्या महिन्यात मी प्रत्येकाच्या बोलण्यात खोट शोधली होती. आणि आता मीच म्हणालो, "कायम करतो म्हनून लिवलं हाय. सही बी हाय."

"पक्कं?"

"पक्कं."

तो गेला. काय चढाई केली महाराजा! तिघांनी कमरेला धरलं, तिघांना ओढत आणलं आणि पडता पडता रेषेला बोटं लावली. तीन गडी बाद! लोक मैदानात घुसले. उरकुडे भाऊ काणे साहेबांच्या गळ्यात पडून रडले.

सुखदेव पुढे कायम झाला, पण वर्ष गेलं मधे. त्या कागदानं झाला की आणखी कशानं, मी ठरवू शकलेलो नाही. बायको-पोर आली, क्वार्टर मिळालं. पण मी सांगतोय ते त्याच संध्याकाळचं.

लोकांनी खांद्यावरून उतरवल्यावर सुखदेव माझ्याकडे आला आणि त्यानं हात पुढे केला. मी कागद दिला. त्यानं तो उलगडला आणि न अडखळता, शाळेतल्या गुरुजीसारखा खणखणीत वाचला: "स्थान रिक्त होने पर सहानुभूतिपूर्वक विचार किया जाएगा."

मग घडी घालून खिशात ठेवला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "तू मस्त वाचतं गा, बाबू!"