बाबांचे आखडलेले गुडघे

आज सकाळी गुडघ्यांना बाम चोळताना त्या वासाबरोबर विश्रांतवाडीचं बुद्धविहार आठवलं. मी दहावीत होते. मार्केट यार्डात हमाली करणारे माझे बाबा जेमतेम पंचेचाळिशीचे. वंदनेला गुडघे टेकून वाकले, ते उठेचनात.

“पोरी, हात दे जरा. गुडघे आखडलेत,” ते हळूच म्हणाले.

मैत्रिणी बघत होत्या. मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर सटकले. बाबा भिंतीला धरून कसेबसे उठले. त्यानंतर ते विहारात कायम मागे उभेच राहिले.

आता मीही पंचेचाळिशीची आहे. कारखान्यात दिवसभर उभं राहून सांधे धरलेत. “हे आता असंच वाढत जाणार,” डॉक्टर म्हणाले.

हात का दिला नाहीस, हे बाबांनी जाईपर्यंत कधी विचारलं नाही.