पावसातली वलांडी

मुलीने मोबाइलवर नकाशा पाठवला तेव्हा मी बोंबलांच्या जोड्या लावत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. हे काम करताना हात इतके बुळबुळीत होतात की मोबाइल धरता येत नाही. मी हात पदराला पुसले, मोबाइल नाकाशी धरला आणि बघू लागले. मुलगी लग्न झाल्यापासून वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहते. तिने खाली लिहिलं होतं, "आई, हा नवा विकास आराखडा. यात आपली वलांडी कुठाय?"

शोधली. अर्नाळ्याच्या अलीकडे आमचा पाडा, तो होता. खाडी होती, रस्ता होता, टेकाडावरचा लष्करी तळही होता. तळ आणि समुद्र यांच्यामध्ये, मी त्या क्षणी जिथे उभी होते तिथे, एक पांढरा तुकडा आणि त्यावर तिरक्या रेघा. बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं: मोकळी जमीन, तळालगतचा प्रतिबंधित पट्टा. माझ्या डोक्यावर बोंबील लोंबतायत, पायाशी टोपल्या, पलीकडच्या रांगेत बायकांची भांडणं चाललीयत, आणि म्हणे मोकळी! डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली जोडी खाली वाळूत पडली.

वलांडी म्हणजे मासळी सुकवायची मांडणी. बांबू उभे पुरायचे, त्यांना आडव्या दोऱ्या ताणायच्या, एकावर एक. दिवाळीच्या सुमारास ती उभी राहते आणि पाऊस जवळ आला की उतरते. त्या जागेचा सातबारा आमच्यापैकी कुणाच्याच नावावर नाही, पण कुणाची रांग कुठे हे विचारायची पाड्यात कधी वेळ आली नाही. नवी सून आली की पहिल्या हंगामात सासू तिच्या हातात पहार देते आणि रांगेतला पहिला खड्डा तिच्याकडून खणून घेते. मीही खणलाय. हाताला फोड आले होते, आणि सासू बाजूला उभी राहून म्हणत होती, "आजून खोल, आजून खोल, तुझ्या पोरींना पुरला पायजे." तिला मी आय म्हणते. तेव्हा ती मला वैरीण वाटली होती, खोटं कशाला बोलू?

उतरवायचीही रीत आहे. बांबू धुऊन, सुकवून घरात आढ्याखाली बांधायचे. खड्ड्यांत जुनं जाळं आणि शिंपले कोंबायचे, म्हणजे पुढच्या साली तोच खड्डा सापडतो. मग सगळ्या बायकांनी मिळून जागा झाडायची, एक सुतळी राहता कामा नये. आयचा एक बांबू कधी पावसात भिजला नाही, याचा तिला केवढा तोरा! आणि आमच्या या नीटनेटकेपणानेच आमचा घात केला. मोजणीवाले आले होते भर पावसात. त्यांना दिसली झाडलेली वाळू. त्यांनी लिहिलं मोकळी.

तळाशी आमचं भांडण नव्हतं, हे आधीच सांगते, कारण पुढे कुणीकुणी आम्हाला देशाच्या आड येणाऱ्या बायका म्हणाले. तो तळ आला तेव्हा आय नवी नवरी होती. टेकाडाखालची अर्धी वलांडी तेव्हा मागे सरकवली आणि पाड्याने हूं की चूं केलं नाही. समुद्रावर नजर ठेवायलाच पाहिजे. त्याच समुद्रात आमची माणसं असतात, अनोळखी बोट दिसली तर पहिला फोन तीच करतात. पण एकदा दिलं म्हणून दरवेळी आम्हीच द्यायचं? तळाला समोर मोकळं हवं, तर घ्या कोळणीची जागा. आणि रस्त्याच्या बाजूला जी भातखाचरं होती त्यांना नकाशात पिवळा रंग, राहण्याचा. तिथे टॉवर चालणार. मासळी नाही चालणार. वा रे वा!

मुलगी म्हणाली, "आई, भरपाई मिळेल का बघ आणि टेन्शन सोड. किती वर्षं तो वास घेणार?" मी म्हटलं, "त्या वासावर तू शिकलीस, बये." त्याच आठवड्यात आमची हरकत तिनेच टाइप करून दिली.

सुनावणी विरारला, एका मोठ्या हॉलमध्ये. आम्ही पाड्यातल्या बायका टेम्पोत बसून गेलो. जाताना सगळ्यांनी नव्या साड्या नेसल्या, अंबाड्यात फुलं माळली, कपाळभर कुंकू. लग्नाला चालल्यासारख्या! समोर टेबलामागे आराखड्याचे अधिकारी बसले होते आणि त्यांच्या शेजारी तळावरचे एक साहेब, ताठ बसलेले. बोलायचं माझ्यावर आलं, कारण पाड्यात सगळ्यात मोठं तोंड माझं.

मी विचारलं, "साहेब, आमची जागा मोकळी आहे हे कुणी बघितलं?"

आराखड्याचे अधिकारी कागद चाळून म्हणाले, "मॅडम, सर्व्हेच्या वेळी तिथे काहीच नव्हतं."

"सर्व्हे कधी झाला?"

"जुलैमध्ये."

मागे बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "जुलैमध्ये बोटीसुद्धा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. समुद्रालाही मोकळा लिहिलंत का? वाळू हातभर उकरा, आमचे खड्डे ओळीने सापडतील."

"खड्डे नकाशात येत नाहीत, मॅडम," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण त्या मऊ आवाजाने मी जास्तच पेटले.

मग मी तळाच्या साहेबांकडे वळले. हिंदी माझी कशीबशी, पण रेटली. म्हटलं, आप बोलो, आपको हमारी मछली का क्या त्रास है? ते जरा हसले. म्हणाले, "मछली से कोई दिक्कत नहीं. सामने ऊँची चीज़ नहीं चाहिए, और कुंपण के पास अनजान गाड़ियाँ नहीं चाहिए." मराठी मुलखात राहून 'कुंपण' शब्द त्यांनी उचलला होता, ते मला आवडलं.

मी म्हटलं, उंच म्हणाल तर आमची वरची दोरी स्टुलावर उभं राहिलं की हाताला येते. आणि मागे पिवळ्या पट्ट्यात टॉवर उठतील, त्यांच्या गच्चीवरून तुमचं अंगण दिसेल, त्याचं काय? ते म्हणाले की टॉवरवर तळानेही हरकत दिलेली आहे. म्हणजे बघा, आम्ही आणि लष्कर एकाच रांगेत हरकत घेऊन उभे! गाड्यांचं म्हणणं मात्र खरं होतं. व्यापाऱ्यांचे टेम्पो थेट त्यांच्या तारेपर्यंत येतात, कोण कुठला ड्रायव्हर कुणाला माहीत. मी जागच्या जागी कबूल केलं, "टेम्पो रस्त्यावरच थांबतील. टोपल्या आम्ही डोक्यावरून नेऊ." मागून एकीने मला करकचून चिमटा काढला. "कोनाच्या डोक्यावरून गो?" म्हणाली. मी तिकडे बघितलंच नाही.

"आणि त्या बदल्यात," मी म्हटलं, "नकाशात लिहा, मासळी सुकवायची जागा. कायमची. मग तिथे ना टॉवर उठेल, ना हॉटेल, ना कुणाचा बंगला. आम्हाला आमची वाळू, त्यांना त्यांची नजर. याहून वेगळं काय पाहिजे?"

तळाच्या साहेबांनी मान डोलावली. हॉलमध्ये क्षणभर मला वाटलं, जिंकलो. पण आराखड्याचे अधिकारी म्हणाले, "तुमचं पटतंय मला. पण अहवालात जागा रिकामी आहे, त्याच्याविरुद्ध मी नाही जाऊ शकत. फेरपाहणी लावतो."

"कधी?"

"जुलैमध्ये. त्याच्याआधी माणसं नाहीत."

"साहेब, तेव्हा वलांडी उतरवलेली असते!"

"मग मी काय करू, मॅडम? माणूस जे बघेल तेच लिहील."

परतताना टेम्पोत अंबाड्यातली फुलं पार कोमेजली होती. घरी आयला सगळं सांगितलं. ती ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. ऐकलं, आणि निवडतच राहिली. मला वाटलं, हरली म्हातारी. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

मे संपत आला. आभाळ भरायला लागलं तशा बायका वलांडी उतरवायला जमल्या. पहिली गाठ आमच्या रांगेची सुटते, मग बाकीच्यांची. आय काठी टेकत आली, एक टोपली उपडी घातली आणि तिच्यावर बसली. मी गाठीला हात घातला तशी ओरडली, "हात लावू नको."

"आय, पाऊस येतोय."

"येव दे."

"कुजेल सगळं. पुढच्या हंगामाला बांबू कुठून आणायचे?"

"कुजू दे! कुजलेला बांबू दुसरा आनता येल. जागा कुठना आननार?" मग सगळ्या बायकांकडे काठी फिरवत म्हणाली, "या साली कोन पन उतरवनार नाय. जिला बांबूची माया आसंल तिनं तो घरी नेऊन पूजावा."

अशी वलांडी मी जन्मात बघितली नव्हती. पावसात उभी, रिकामी, काळी पडत चाललेली. दोऱ्यांना बुरशी आली. वाऱ्याने रांगा कोलमडल्या की आम्ही भिजत जायचो आणि परत पुरायचो, चिखलात, एकमेकींना शिव्या घालत. पुरुष हसायचे. रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगीतली माणसं गॅलरीतून फोटो काढायची. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, वेडी झालीस का?" मी म्हटलं, "हो." मग एका रविवारी ती स्वतःच आली, साडी खोचली आणि आमच्या पडक्या रांगेशी पहार घेऊन उभी राहिली. तिच्या हातालाही फोड आले. मी मुद्दाम पुढची दोरी ताणायला वळले, नाहीतर रडले असते.

फेरपाहणीचा माणूस आला तेव्हा सरींवर सरी चालल्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला टॅब. तळाचे साहेबही रेनकोट घालून तारेपाशी येऊन उभे राहिले. आम्ही सगळ्या आपापल्या रांगेत उभ्या होतो, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. त्या माणसाने इकडून तिकडे बघितलं. बघेल तिथवर बांबूच बांबू, आणि दोरीवर एक मासळी नाही.

"हे काय?" तो म्हणाला. "पावसात कशाला उभं ठेवलंय? सगळं कुजलंय की."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आयने मला मागे सारलं. कधी एक बांबू भिजू न देणारी ती बाई पुढे गेली. पहिल्या खांबाला हात लावला. कुजलेली साल तिच्या मुठीत सुटून आली. तिने ती त्या माणसाच्या टॅबवर ठेवली.

"गेल्या पावसात यो मी घरात सुका ठेवला व्हता," ती म्हणाली. "आता लिव मोकली."