डावीकडची माणसं

सर्जेराव आण्णांच्या कीबोर्डवर एफ-सहाच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असे. कुणी तिकडे नुसतं बोट नेलं तरी ते वसकन अंगावर येत. रहिमतपुरातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत मी मराठी टायपिंगच्या कामाला लागले, त्या दिवशी त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. आधी ती पट्टी दाखवली.

कॉम्प्युटर विंडोजचा, बऱ्यापैकी जुना. त्यावर फुकटात मिळालेला एक प्रोग्रॅम होता. त्यात पडद्याचे उभे दोन भाग पडत आणि दोन फोल्डर शेजारी-शेजारी उघडे राहत. डावीकडे आण्णांनी आयुष्यभर काढलेली लग्नं, गावांच्या नावांनी लावलेली. उजवीकडे एकच फोल्डर, ‘निरोप’. पंचक्रोशीत कुणी वारलं की घरचे आण्णांकडे फोटो मागायला येत, कारण आमच्याकडे माणसाचा धड फोटो निघतो तो कुणाच्या तरी लग्नात, फेटा बांधल्यावर. श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकात लावायची तर सगळ्यांनाच घाई. आण्णा डावीकडे माणूस हुडकत, एफ-पाच दाबत, की त्याची नक्कल उजवीकडे जाई. एफ-सहा दाबलं तर मूळ फोटोच तिकडे जातो आणि डावीकडे काही उरत नाही.

“माणूस मेला म्हणून त्याला लग्नातनं उठवायचं न्हाई,” ते म्हणत. “पंगतीत जेवत बसलाय, बसू दे की.”

अशा माणसाच्या हातून एकदा चूक झाली. एका गावात आजोबांचं नाव दोन्ही भावांनी आपापल्या मुलाला ठेवलं होतं. थोरला मारुती आणि धाकटा मारुती, आडनाव एकच, चेहरेही भावकीतले. गेला थोरला, चौकात हार घालून लागला धाकटा. तो स्वतः फ्लेक्सखाली उभा राहून हसला, गावही हसलं. पण वर्षाच्या आत काविळीने तोही गेला आणि आण्णांचं हसणं तिथेच संपलं. मीच त्याला पलीकडे टाकला, असं ते कैक दिवस म्हणत होते. काविळीचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, हे मी त्यांना समजावून थकले.

तेव्हापासून त्यांचा नियम झाला, जित्या माणसाला मधली रेघ ओलांडू द्यायची नाही. म्हातारं अंथरुणाला खिळलं की काही घरं आधीच येत, फोटो तयार ठेवा म्हणत. आण्णा त्यांना दारातूनच परतवून लावत. “दम धरा. म्हातारा तुमच्याएवढा घाईत न्हाई,” असं ऐकवत.

मग वहिनींच्या, म्हणजे आण्णांच्या बायकोच्या, पोटात गाठ निघाली. त्यांना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. हाडं वर आली होती, पण जीभ तशीच धारदार होती. आण्णा मोसंबी सोलत होते. वहिनींनी एकदम विचारलं,

“माझा कंचा फोटू लावणार हाय तुमी?”

आण्णांनी मानही वर केली नाही. “कायबी बोलू नगंस.”

“आवं, मी बघितल्यात की तुमच्या फ्लेक्सावरल्या बायका. गर्दीतलं भेदरलेलं त्वांड कापून लावायचं. मला न्हाई तसं चालायचं. सगळं फोटू मला दावा, मी सांगते कंचा.”

“घरी चल, मग बघू,” एवढं म्हणून आण्णा मोसंबीची सालं टाकायला बाहेर गेले. परतताना एसटीत मी विषय काढला. फोटो मोबाइलमध्ये घेऊन दाखवायला काय जातं, असं मी म्हणाले. आण्णा चिडले. ती बरी होणार आहे, मी दाखवायला काढले म्हणजे मीच तिला पाठवल्यासारखं, म्हणाले. मला त्यांचा फार राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पुढच्या आठवड्यात वहिनींची शुद्ध हरपली, मग त्या गेल्या.

मातीहून आण्णा घरी न थांबता स्टुडिओत आले. मी मजकूर टाइप करून ठेवला होता. त्यांनी डावीकडे वहिनी शोधल्या. त्या किती लग्नांना त्यांच्याबरोबर गेल्या होत्या! मेढ्यात नवरीच्या केसांत गजरा माळताना, वडूजला नथ घालून, कुठे तोंडाला पदर लावून हसताना. आण्णा एकेक उघडत, बघत बसत, बंद करत. फ्लेक्सवाल्याचे फोन येत होते. एफ-पाचवर बोट ठेवलेलं, पण ते दाबलं जाईना.

“ह्यातला तिचा कंचा, मला ठावं न्हाई,” ते मला म्हणाले. “सांगत हुती ती. म्याच त्वांड दाबलं तिचं.”

फ्लेक्स नुसत्या नावाचा लागला. फोटोवाल्याच्याच बायकोचा फोटो नाही, म्हणून चौकात लोक कुजबुजले. एकाने तोंडावर विचारलं, तेव्हा आण्णा म्हणाले, “तिला इचारल्याबिगर कसा लावू?”

तेरावा झाला आणि स्टुडिओ माझ्या हवाली करून ते वडूजला लेकीकडे गेले. जाताना वहिनींच्या सगळ्या फोटोंची नक्कल पेनड्राइव्हवर नेली. लेक सांगते, जेवण झालं की कॉम्प्युटर उघडून बसतात, कुणाशी बोलत नाहीत. परवा मी फोन केला. मी उगाच इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी विचारलं, “आवं आण्णा, ठरला का फोटू?”

“रोज इचारतोय,” आण्णा म्हणाले. “बोलत न्हाई ती.”